चव्वेचाळीसचा शर्ट

माझा मुलगा मला दर वाढदिवसाला शर्ट पाठवतो. यंदा एकदम तीन पाठवले. बहुतेक दोनावर एक फुकट असणार, पण असलं आपण मनात ठेवायचं. तिन्ही चव्वेचाळीस नंबरचे. एके काळी मला तोच नंबर लागायचा आणि तोही पोटावर ओढूनच बसायचा. मी कामाला होतो त्या गोदामात सगळे मला 'कपाट' म्हणायचे. मी दारात उभा राहिलो की आतून कोणीतरी ओरडायचं, "कपाट, सरक, उजेड येऊ दे!"

आता त्या शर्टात मी आणि माझ्यासारखा आणखी एक, असे दोघे आरामात मावलो असतो. बायको गेली आणि हे सुरू झालं. आजार म्हणाल तर काही नाही. डॉक्टरांनी सुया टोचून टोचून माझी चाळण केली आणि शेवटी म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही. नीट जेवत जा." एकट्याने जेवायचं म्हणजे काय, ते त्यांना कुठे समजावत बसू? एकट्यापुरतं शिजवलं तरी उरतं. उरलेलं संध्याकाळी खायला घ्यावं तर तेही उरतं. दुसऱ्या दिवशी नुसतं ते भांडं बघूनच पोट भरतं.

मुलाला हे कळता कामा नये, एवढं मी पक्कं ठरवलं होतं. आई गेल्यानंतर परत निघताना तो दारात उभा राहून म्हणाला होता, "बाबा, तब्येतीची हेळसांड केलेली दिसली ना, तर घराला कुलूप लावून तुम्हाला सरळ घेऊन जाईन. मग कुरकुर चालणार नाही." तो बोलला तर करणारा आहे, त्या बाबतीत आईवर गेलाय. त्याच्याकडे मी एकदा राहून आलोय. घर छान आहे, सूनही चांगली आहे. सकाळी दोघं कामावर गेली की मी त्या नवव्या मजल्यावर फ्रिजचा आवाज ऐकत बसायचो. एकटंच बसायचं तर आपल्या घरात बसावं, जिथला प्रत्येक खिळा आपण ठोकलेला आहे.

पण दर रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा, आणि त्याने पाठवलेला शर्ट घालून बसलो नाही तर, "शर्ट आवडला नाही का?" हे आलंच. ढगळ शर्टात मी खुंटीला टांगलेल्या पिशवीसारखा दिसायचो. यावरची युक्ती मला शर्टांच्याच दुकानाने शिकवली. काचेआड उभा केलेला पुतळा कोणीतरी पुसायला म्हणून वळवून ठेवला होता. समोरून राजबिंडा, आणि मागे सगळा शर्ट गोळा करून पाठीवर चिमटे लावलेले! मी भर रस्त्यात हसलो. घरी आलो, दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढले आणि स्वतःचा पुतळा केला.

हात मागे नेऊन आपल्याच पाठीवर चिमटे लावणं म्हणजे खायचं काम नाही. बायको असती तर तिने लावून दिले असते. अर्थात बायको असती तर चिमट्यांची वेळच आली नसती.

चिमटे लावले की खुर्चीला टेकता येत नाही, वळता येत नाही, खळखळून हसता येत नाही. मी खुर्चीच्या टोकावर ताठ बसायचो, फोन समोर साखरेच्या डब्याला टेकवलेला. "जेवलात?" जेवलो. "गोळ्या?" घेतल्या. "बाकी?" बाकी मजेत. तेवढ्यात पाठीला रग लागायची आणि मीच म्हणायचो, "चल, ठेवतो, कामं पडलीत." कसली डोंबलाची कामं! आठवडाभर ज्या फोनची वाट बघायची, तो मीच तोडायचो. मग घर इतकं गप्प व्हायचं की चिमटे काढून टोपलीत टाकल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा.

मागच्या महिन्यात एका रविवारी बोलता बोलता एक चिमटा फटकन उडाला आणि मागच्या पातेल्यावर आदळला.

"काय पडलं?" मुलाने विचारलं.

"पाल."

"पालीचा एवढा आवाज?"

"जाडी आहे," मी म्हणालो. "घरात एकाने तरी अंग धरू दे."

तो हसला, पण इकडे माझी पाचावर धारण बसली होती. नवे तीन शर्ट त्याच आठवड्यात आले होते, त्यांच्या टाचण्याही मी काढल्या नव्हत्या. ते त्या कंपनीच्या इथल्या दुकानात न्यायचे, त्याच रंगाचे लहान घेऊन यायचं, की मिटलं. चिमटे नकोत, पाल नको, आणि मुलाला कळायचंही कारण नाही. आपण किती हुशार, असं मला त्या रात्री फार वाटलं.

दुकानात कपडे परत घ्यायचं काउंटर सगळ्यात मागे, जिन्याखाली होतं. घ्यायला आलात तर दारातच हसून स्वागत, परत करायला आलात तर जा जिन्याखाली. काउंटरवरची बाई माझ्या सुनेच्या वयाची होती. तिने शर्ट उलटेपालटे करून पाहिले, कॉलरी तपासल्या.

"आजोबा, शर्टात काय खराबी आहे?"

काका म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? "शर्टात काही नाही," मी म्हणालो. "खराबी माझ्यात आहे."

ती हसली नाही. तिला पडद्यावर काहीतरी कारण टाकायचं होतं. "साइज टाकू?"

"टाका. आणि याच रंगांत लहान द्या."

"बदलून नाही मिळणार. हे ऑनलाइन मागवलेले आहेत. मी परत घेते, पैसे ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर जातील. तुम्हाला हवे ते तुम्ही नवीन घ्या."

"कार्ड मुलाचं आहे. म्हणजे त्याला कळणार?"

"कळणारच ना. त्यांच्या फोनवर ओटीपी जातो. तो सांगितल्याशिवाय मशीन पुढे जात नाही."

"मग राहू दे. आणा ते शर्ट इकडे."

"ओटीपी गेला, आजोबा. तुम्ही 'टाका' म्हणालात तेव्हाच गेला." मागे रांग लागली होती, तिने मला बाजूला उभं राहायची खूण केली. "त्यांना विचारून सांगा."

झालं, आली का पंचाईत! नंबर गेलाच होता, आता लपवून काय उपयोग? मी एका बोटाने मेसेज लिहिला, 'दुकानातून नंबर आला असेल तो पाठव.' आणि हँगरच्या ढिगाऱ्याशेजारी उभा राहिलो. आता त्याचा फोन येणार. कसलं दुकान, शर्ट परत का केले, साइजला काय झालं, सगळं विचारणार. मी उत्तरं जुळवायला लागलो. रंग आवडले नाहीत म्हणावं, शिलाई उसवली होती म्हणावं, आणखी काहीतरी म्हणावं. जीव टांगणीला लागला होता. पण खोटं कशाला बोलू, तो फोन यावा असंही मला वाटत होतं. त्याने खोदून खोदून विचारावं, मी आढेवेढे घ्यावेत आणि शेवटी माझ्या तोंडून खरं निघून जावं, असं काहीतरी माझ्या मनात तिथे उभ्या उभ्या यायला लागलं.

फोन वाजला नाही. मेसेज आला. सहा आकडे, आणि खाली 'मीटिंगमध्ये आहे'.

मी आकडे वाचून दाखवले. मशीनमधून एक चिठ्ठी बाहेर आली, ती बाईने माझ्या हातात दिली. "झालं, आजोबा."

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. चोरी पचली होती. पण मला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. ज्याच्यापासून मी इतके दिवस लपत होतो, तो मला शोधतच नव्हता. त्याचा राग येत होता असंही नाही. तो कामात असतो, मीही आयुष्यभर कामात होतो. मला फक्त फार एकटं वाटलं, आणि तेही माणसांनी भरलेल्या दुकानात.

तरी मी परत केलेल्यांतल्या एकासारखाच निळा शर्ट घेतला, अडतीसचा. घालून बघायच्या खोलीत आरशासमोर एक किडकिडीत म्हातारा उभा होता आणि शर्ट त्याला चांगला दिसत होता. सवयीने मी पडदा सरकवून विचारायला गेलो, "कसा दिसतो?" बाहेर फक्त एक अनोळखी गृहस्थ पँटच्या चेनशी झगडत होते. मी पडदा परत ओढून घेतला.

रविवारी तो शर्ट घालून बसलो. चिमटे दोरीवर होते. कितीतरी दिवसांनी मी खुर्चीला पाठ टेकली, आणि खुर्ची करकरली, तेव्हा ती मोडेल म्हणून बायको ओरडायची ते आठवलं.

"जेवलात?" मुलाने विचारलं.

"जेवलो."

"परवा तो दुकानाचा ओटीपी कसला होता? कुरिअरचा ना?"

"तसलाच."

"हाच का नवा शर्ट?" तो खुलला. "बघा कसा बसलाय! तुमचा साइज मला पाठ आहे, बाबा."

इतक्या कौतुकाने म्हणाला. मी नुसतं "हो" म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. माझं घर मला राहिलं असतं, खिळ्यांसकट. पुढच्या वाढदिवसाला पुन्हा चव्वेचाळीसचे शर्ट आले असते, आणि त्याच्या पुढच्याही.

"हा अडतीस आहे," मी म्हणालो.

"काय?"

"शर्ट. अडतीस नंबर आहे. तू पाठवलेले मी परत केले, ते मला होत नाहीत."

"अडतीस?" तो हसत होता. "काहीतरीच काय, अडतीस तर मला होतो."

मग त्याचं हसू थांबलं. त्याचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला.

"बाबा, उभे राहा."

मी उभा राहिलो.

"मागे जा जरा. फोन तिथेच राहू दे."

मी मागे सरकलो. पडद्याच्या कोपऱ्यात, छोट्याशा चौकोनात मला मी दिसत होतो, लहान होत चाललेला.

"अजून मागे."

माझी पाठ भिंतीला लागली.

"वळा."

मी वळलो. नाकासमोर, मीच ठोकलेल्या खिळ्याला घराचं कुलूप लटकत होतं. मागून काहीच आवाज येत नव्हता. तो गप्प होता की फोन अडकला होता, मला कळेना. त्या कुलपाची मला भीती वाटली, नाही असं नाही. पण मी वळायची घाई केली नाही. खूप दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे बघत होतं.