डाग लिहायचा नाही

आमचा मालक तीन दिवसांचं कसलंसं शिबिर करून आला आणि येताना एक इंग्रजी शब्द घेऊन आला. इमॅक्युलेट! लॉन्ड्रीच्या पाटीवर तो रंगवून घेतला आणि आम्हा चौघींना इस्त्रीच्या टेबलापुढे उभं करून साहेबांनी अकलेचे तारे तोडले.

"लॅटिनमध्ये मॅक्युला म्हणजे डाग. त्याच्या आधी नकार जोडला, की डाग नसलेलं. निष्कलंक! म्हणून आजपासून पावतीवर डाग लिहायचा नाही. गिऱ्हाइकाचं मन खट्टू होतं."

कपडा आला की उजेडात धरायचा, डाग दिसला की पावतीवर लिहायचा आणि भोवती कच्चा दोरा घालायचा, हे काउंटरवरचं माझं काम. मला ते शिकवलं डाग काढणाऱ्या आत्यांनी. त्या मालकाच्या सख्ख्या आत्या. घरी हा त्यांना अगंतुगं करायचा, दुकानात आला की एकदम परका.

"अरे, लिहिलं नाही तर कशावर काय लावायचं ते मला कळणार कसं?" आत्यांनी विचारलं.

"तुम्हाला लॅटिन येतं का?" मालक म्हणाला. झालं, विषय संपला.

पंधरा दिवसांत एक डॉक्टरीणबाई पांढरा कोट घेऊन आल्या. खिशाखाली शाईचा जुना डाग. मी तो पाहिला आणि नोकरी प्यारी म्हणून मुकाट्याने कोरी पावती फाडली. मीही काही कमी नव्हते. आत्यांनी दोन दिवस जीव आटवला, पण डाग हटला नाही.

"मी कोट स्वच्छ दिला होता!" बाई कडाडल्या.

मालकाने पावती पाहिली. "यात काहीच नाही. म्हणजे डाग इथेच पडला. आत्या, बाईंची माफी मागा."

"डाग आधीचा आहे," मी म्हणाले. "मी बघितला होता."

"मग लिहिला का नाहीस?"

हे त्याने मला विचारलं! लाज कशाशी खातात हे शिबिरात शिकवलं नसावं.

आत्यांनी हात पुसले. "तुझी दुपटी मी धुतलीत रे. त्यातून काय काय काढलं, ते सांगू का बाईंना?" एप्रन टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. मालक हाका मारत रस्त्यापर्यंत गेला, पण त्या वळल्या नाहीत.

आता तोच मला बजावतो, "एकूण एक डाग लिहून घे हं." मी लिहिते. चहा, तेल, गंज, शाई. काढणारं मात्र कोणी उरलेलं नाही.