साळूबाईच्या दारातला पांगारा

मित्रांनो, जवळ या, पण जरा जपून. मी एक जुना पांगारा आहे आणि माझ्या फांद्यांवर काटे आहेत. ते मी कोणावर रागावून धरलेले नाहीत. लहानपणी शेळ्यांपासून जीव वाचवायला आले, ते राहिले. शेळ्या तरीही माझा पाला खातातच, ती गोष्ट वेगळी!

पाथर्डीकडच्या डोंगराखाली चार घरांची एक वस्ती आहे. तिथे साळूबाईच्या दारात मी उभा आहे. मला कोणी हौसेने लावलं नाही. साळूबाईचे मालक छगन यांनी डोंगरातून पांगाऱ्याची एक फांदी आणली आणि शेळी बांधायला खुंटा म्हणून ती दारात ठोकली. पावसाळ्यात त्या खुंट्याला कोंब फुटले. छगन हसून म्हणाले, "खुट्याला बी संसाराची हौस आली बघ!" साळूबाई तेव्हा नवी नवरी होती. तिने शेळी दुसरीकडे बांधली आणि माझ्याभोवती दगडांचं आळं केलं. त्या दिवसापासून मी झाड झालो.

पुढे तिचा मुलगा कानिफनाथ जन्मला, तेव्हा त्याची झोळी माझ्याच फांदीला टांगली होती. माझं लाकूड हलकं, ठिसूळ. मोठ्या कामाला कोणी घेत नाही. पण त्या लेकराचं ओझं मी कधी खाली पडू दिलं नाही. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. माझ्याही देठाला पानं तीनच असतात, पण म्हणीत नाव लागलं पळसाचं. मला त्याचं फार दुःख नाही. थोडं आहे.

आमच्या वस्तीतली चारही घरं ऊसतोडीची. दसरा झाला की भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं सगळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायची. दाराला कुलूप लावण्याआधी साळूबाई रांजणात उरलेलं पाणी माझ्या बुंध्याशी ओतायची. बुंध्यावर हात टेकून म्हणायची, "राखन कर रं बाबा." मग ट्रॉली वळणाआड जायची आणि वस्तीवर मी आणि वारा एवढेच उरायचो.

मी इमानाने राखण करत असे. पौषात माझी पानं गळायची. माघ सरता सरता उघड्या फांद्यांच्या टोकांना काळसर कळ्या धरायच्या आणि मग मी फुलायचो. मित्रांनो, स्वतःचं कौतुक स्वतः करू नये. पण मी फुललो की पार ओढ्यापलीकडून दिसतो, इतका लाल होतो. साळुंक्या, कावळे, बुलबुल मध प्यायला येतात आणि दिवसभर भांडतात. त्या कोरड्या दिवसांत त्यांना दुसरं मिळतं तरी काय?

पण ज्यांच्या दारात मी फुलायचो, ती माणसं तेव्हा लांब उसाच्या फडात असायची. गुढीपाडव्याच्या पुढेमागे ती परतायची, तोवर माझी फुलं गळून, वाळून वाऱ्यावर गेलेली असायची. नवी पालवी अजून यायची असायची. झळांमुळे शेंगाही फारशा टिकत नसत, आणि वाळक्या दिसणाऱ्या फांदीवरची एखादी वाळकी शेंग कोणाच्या डोळ्यांत भरणार? त्यांना दिसायचे ते माझे काटे.

गंमत अशी, की उसाच्या मुलखात फडावर जाता-येता साळूबाईला रस्त्याकडेचे फुललेले पांगारे दिसायचे. घरी आल्यावर ती माझ्याकडे पाहून म्हणायची, "लोकांचे पांगारे कसे लालभडक फुलत्यात. आपलाच मेला भाकड!" हे ऐकून मला फार वाईट वाटायचं. मला तोंड असतं, तर सांगितलं असतं.

गावातल्या शाळेपुढे एक गुलमोहर आहे. तो बरोबर मे महिन्यात फुलतो, सगळी घरी असताना. त्याच्याशी माझं भांडण नाही. तो दूरदेशीचा पाहुणा, आणि देखणा आहे. पण तो कानिफनाथच्या मनात भरला. मागच्या दसऱ्याला ट्रॉली भरताना तो आईला म्हणाला, "आये, आलो की ह्यो पांगारा पाडतो आन् हितं गुलमोहर लावतो. उन्हाळ्यात दारात सावली तरी पडंल." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ऐन उन्हाच्या तोंडावर मी उघडा असतो.

त्या वर्षी साळूबाई मात्र गेली नाही. तिचे गुडघे पार कामातून गेले होते. नात दिशाची शाळा बुडू नये म्हणून तीही आजीजवळ राहिली. कानिफनाथ आणि त्याची बायको पंकजा ट्रॉलीत बसून निघाले, तेव्हा साळूबाई वळणापर्यंत लंगडत गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती मागे राहिली होती.

पौष आला. माझी पानं गळू लागली. साळूबाईने मला असं गळताना कधी पाहिलंच नव्हतं. ती घाबरली. फोनवर मुलाला म्हणाली, "नाथा, पांगारा वाळला रं."

"मंग आता कशाला ठिवायचा?" कानिफनाथ म्हणाला. "रामहरी काकाला सांगतो. सरपन तरी हुईल तुला."

रामहरी म्हणजे आता हयात नसलेल्या छगन यांचे चुलत भाऊ, गावात राहणारे. ते कुऱ्हाड घेऊन आले. मित्रांनो, झाडाला पळता येत नाही, एवढंच सांगतो. पहिला घाव बसला. साल उडाली आणि आतली हिरवी ओल वर आली. दुसऱ्या घावासाठी कुऱ्हाड उचलली गेली, इतक्यात साळूबाई काठी टेकत पुढे आली.

"थांबा भावजी. ह्यो वला हाय. जिता हाय ह्यो."

"वैनी, जिता असला तरी काय उपेग? ना फूल, ना सावली."

साळूबाईने घावावर बोटं ठेवली. "माझे बी गुडघे गेले. मी बी घरीच बसले. मंग मला बी वाळली म्हनायचं का? न्हाई, ऱ्हाऊ द्या. नाथा आला की काय ते बघू."

रामहरी चहा पिऊन गेले. कुऱ्हाड मात्र दाराआडच ठेवून गेले.

माझी जखम ठणकत होती, तरी कळ्या धरायचं मी थांबवलं नाही. आणि एका सकाळी बाहेर साळुंक्यांचा एकच गलका उठला. साप निघाला असेल असं वाटून साळूबाई काठी घेऊन बाहेर आली. तिने खाली पाहिलं, आळ्यात पाहिलं, मग वर पाहिलं.

मी फुललो होतो. ती काठी टेकत जवळ आली. मग आळ्याच्या दगडावर बसली आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "आरं, दरसाल तू असाच फुलत हुतास व्हय? आन् आमी तिकडं. तुला भाकड म्हनत हुतो रं बाबा!"

मला तेवढंच हवं होतं.

दिशाने धावत जाऊन मोबाईल आणला आणि वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे उसाचा फड होता आणि पाचटाच्या धुळीने माखलेली दोन तोंडं. मोबाईल माझ्याकडे वळताच पंकजा म्हणाली, "अगं बया, किती ग्वाड झाड! कुनाचं हाय?"

"आपलं," साळूबाई म्हणाली.

कानिफनाथने हातातला कोयता खाली ठेवला. मग म्हणाला, "आये, दाराआडची कुऱ्हाड काकाला परत दिऊन टाक."

पाडव्यानंतर ती दोघं आली, तेव्हा माझ्यावर एकही फूल नव्हतं. तरी कानिफनाथने आधी माझ्या घावावर शेणमाती लिंपली. गुलमोहरही लावला, पण घराच्या मागच्या बाजूला.

यंदाच्या दसऱ्याला पुन्हा ट्रॉली भरली; साळूबाई आणि दिशा यंदाही मागेच राहणार होत्या. साळूबाईने रांजणातलं पाणी नातीच्या हातून माझ्या बुंध्याशी ओतवलं. कानिफनाथने माझी एक जून फांदी काढून ओल्या पोत्यात गुंडाळली. उसाच्या त्या गावाला ज्या ओढ्याकाठी दरवर्षी त्यांची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, उभी राहते, तिथे तो ती रोवणार आहे. त्याच्या बापाने मला आणलं होतं, ते असंच.

मित्रांनो, डोंगरातली, बांधावरची आपली झाडं फुलताना पाहायला आपण नेहमी जवळ असतोच असं नाही. म्हणून उघड्या झाडाला वाळलं म्हणू नका. कुऱ्हाड उचलण्याआधी त्याला बाराही महिने बघा, आणि जमलं तर त्याची एक फांदी आपल्या वाटेवर रोवा.

साळूबाईने ट्रॉलीतल्या त्या पोत्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता ती नेहमीसारखं "राखन कर" म्हणेल. पण ती म्हणाली, "तिकडं ही दोघं असत्यात. त्यांच्याम्होरं फूल रं बाबा."