दीड इंच कमी

मुलुंडला आमच्या सोसायटीखाली माझं शिवणाचं दुकान आहे. दुसऱ्या मजल्यावरची गार्गी, कॉलेजातली पोर, चार महिन्यांत तिसऱ्यांदा तोच ब्लाउज आत घ्यायला घेऊन आली, तेव्हा माझं डोकंच सटकलं.

"अ‍ॅसिडिटी आहे गं मालन," तिची आई रत्नप्रभा म्हणाली. "जेवली की पोट दुखतं. आत दुर्बीण घालून बघितलं, काही सापडलं नाही. आता तिसरा डॉक्टर."

अ‍ॅसिडिटी म्हणे! मला वीस वर्षं अ‍ॅसिडिटी आहे, माझी कंबर बघा. आधी वाटलं, रत्नप्रभाच काहीतरी लपवतेय. मग वाटलं, पोरीचं कुठे लफडं असेल. पण माप घेताना मी म्हणाले, "अजून दीड इंच कमी," आणि आरशात गार्गी हसली. आजारी माणूस असं हसतं होय?

आठवड्याने दोघी ब्लाउज न्यायला आल्या. मी म्हटलं, थांब, एकदा माप बघू दे. टेप लावली आणि मुद्दाम खोटं बोलले, "वा गं! दीड इंच वाढलीस. औषध लागू पडलं."

"देव पावला," रत्नप्रभाने हात जोडले.

गार्गीचा चेहरा पांढराफटक पडला. "परत घे."

"अगं, बरोबर आहे."

"परत घे म्हणते ना!" तिने टेप हिसकावली, स्वतःच कंबरेला आवळली, आकडा बघितला, पुन्हा आवळली. "खोटं बोललीस तू. वाढले नाहीये मी. नाही ना वाढले, आई?"

रत्नप्रभाचे जोडलेले हात तसेच राहिले. "गार्गी," ती हळूच म्हणाली, "पोट खरंच दुखतं का गं तुझं?"

गार्गी रडायलाच लागली. "जेवले की जाडी होते मी."

मला वाटलं, पकडला चोर. "कुणी घातलं हे खूळ तुझ्या डोक्यात? नाव सांग, बघतेच त्याच्याकडे!"

तिने टेप माझ्या हातात ठेवली. "हाच ब्लाउज शिवायला टाकला तेव्हा तूच म्हणालीस ना मावशी. सगळ्या बायकांसमोर. 'काय गं, एका ब्लाउजपीसात मावेनाशी झालीस!' सगळ्या हसल्या होत्या."

आठवलं मला. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते.