त्सोलो आजोबांचं बिनतारी उत्तर

“बाई, तुम्हाला स्वतःला तरी हे येतं का?”

हे बाईंच्या तोंडावर विचारायची नेवेनाची छाती होणार नाही, अशी तिच्या वर्गमैत्रिणी विह्रा आणि यावोरा यांनी पैज लावली होती. नेवेनानं उभं राहून, मान ताठ ठेवून विचारलं. अख्खा वर्ग खिदळला.

संगणकाच्या त्सोनेवाबाईंनी खडू खाली ठेवला. “नाही,” त्या म्हणाल्या. “लिनक्सवर वायफायचं कार्ड मी आजवर कधी चालू केलेलं नाही. पण तुला कशाला हवंय?”

“माझ्या आजोबांना बोलता येत नाही,” नेवेना म्हणाली. मग मात्र कुणी हसलं नाही.

नेवेनाचे आईवडील कित्येक वर्षं इटलीत होते. वडील प्लामेन भिंतींना गिलावा करायचे, आई गाल्या एका इटालियन म्हातारीला सांभाळायची. इकडे बल्गेरियात, गावाच्या वरच्या अंगाला, नेवेनाला वाढवलं त्सोलो आजोबांनी. हिवाळ्यात त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजायचं मात्र सगळं. सूप अळणी झालं तर ते डाव्या हातानं वाडगा असा काही दूर सारायचे की बस!

आणि परवा पप्पांचा फोन आला होता. शाळा संपली की आजोबांना व्रात्सा शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं आणि नेवेनाला इटलीला न्यायचं.

“आजोबांना विचारलंत?”

“कसं विचारू, पोरी? फोनवर त्यांचा नुसता श्वास ऐकू येतो.”

“समोर बसून विचारा.”

“मग दाखव मला त्यांचा चेहरा,” पप्पा म्हणाले.

म्हणून हा सगळा खटाटोप. पप्पांनीच इटलीहून बसनं एक जुना लॅपटॉप पाठवला होता, कॉफीच्या पुड्यांमध्ये खोचून. त्यात विंडोजऐवजी लिनक्स होतं. कॅमेरा चालायचा, वायफाय नाही. इंटरनेट होतं ते शेजारच्या मित्का मावशीकडे, आणि तिची तार तिच्याच स्वयंपाकघरात संपायची. तिच्या वायफायच्या लहरी भिंत ओलांडून पार आजोबांच्या खाटेपर्यंत येत होत्या. पकडणारं कुणी नव्हतं, एवढंच.

नेवेनानं आधी मैत्रिणींचं ऐकलं. कुणाच्या तरी घरातून विंडोजची सीडी आणून घातली. लिनक्सनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

शाळा सुटल्यावर त्सोनेवाबाई तिच्याशेजारी बसल्या. “मला येत नाही, तुलाही येत नाही. दोघी मिळून शोधू. लॅपटॉपवर चिकटवलेल्या चिठ्ठीचा भरवसा नाही. आत कुठलं कार्ड आहे ते यंत्रालाच विचारू.” पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा लिहिली, तसं कार्डाचं खरं नाव आलं. त्याला चालवणारा प्रोग्रॅम हवा होता, आणि तो इंटरनेटवर होता!

“म्हणजे इंटरनेट मिळवायला आधी इंटरनेट हवं?” नेवेना ओरडलीच.

“तारेनं जोड ना एकदा,” बाई म्हणाल्या.

मित्का मावशीच्या टेबलावर, पिठाच्या पसाऱ्यात, नेवेनानं तार जोडली. प्रोग्रॅम उतरला. यंत्र बंद करून पुन्हा लावलं. काही नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“यंत्रापुढे रडून काय होणार? ही चीजची बनित्सा खा, गरम आहे,” मावशी म्हणाली आणि ताटलीला जागा करायला तिनं लॅपटॉप सरकवला. तेव्हा कडेला नखाएवढी एक खुंटी दिसली. नेवेनानं ती पुढे ढकलली. वायफायचा निळा दिवा लागला.

रविवारी तिनं खाटेशेजारी स्टुलावर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर आईपप्पा आले. आजोबांचा डावा हात उठला आणि पडद्यावरच्या लेकाच्या गालावर टेकला.

“बाबा,” प्लामेन शेवटी म्हणाले, “व्रात्साला राहाल का? तिथे नर्स आहेत. नेवेना आमच्याकडे येईल. राहाल ना?”

आजोबांची मान उशीवरून वर आली आणि खाली गेली. सावकाश, एकदाच.

प्लामेननी सुस्कारा सोडला. “हो म्हणाले, गाल्या! देवाची कृपा.” आई डोळे पुसायला लागली.

नेवेना पडद्याजवळ सरकली. “पप्पा, आजोबांनी मान खाली-वर केली.”

“हो ना, पाहिलं की मी.”

“आपल्याकडे बल्गेरियात त्याला नाही म्हणतात, पप्पा. हो म्हणताना मान आडवी हलवतात.”

पडद्यावर प्लामेनचा चेहरा हळूहळू उतरला. इटलीत मालकासमोर मान हलवता हलवता त्यांना आपल्या बापाची मान वाचता येईनाशी झाली होती. बारक्या आवाजात त्यांनी विचारलं, “बाबा, घरीच राहायचंय?”

आजोबांची मान उशीवर डावीकडे वळली, उजवीकडे वळली, पुन्हा डावीकडे वळली. थांबेचना.

“पण पोरी, तुझं काय?” आई कळवळून म्हणाली. “तू एवढीशी...”

नेवेनानं आजोबांचा हात हातात घेतला.

“मी इटलीला येत नाहीये,” ती म्हणाली. “शाळा इथेच पूर्ण करणार. मी वर्गात असते तेव्हा मित्का मावशी बसते, पुढेही बसेल. आणि आई, तिकडच्या आजींना तू कशी कूस बदलून देतेस, कशी अंघोळ घालतेस, ते तू मला रोज यावरून दाखवायचंस. उद्यापासून.”