चिंतामणगुरुजींचा कटआउट

पंचवटीतले चिंतामण गायधनी सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, लोकांचे दहावे, तेरावे चालवायचे आणि दुपारी मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तारा, स्क्रू घेऊन बसायचे. पोथी वडिलांनी शिकवली होती. हे दुसरं वेड मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

२००६ साली लोडशेडिंगने नाशिककर वैतागले होते. मेहुण्याने जुनी मोटार विकली, तेव्हा तिच्यासाठी घेतलेला एक जादाचा कटआउट त्याने गुरुजींना देऊन टाकला. कटआउट म्हणजे अल्टरनेटरचा, मोटारीतल्या वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, व्होल्टेज रेग्युलेटर. बॅटरी भरत आली की करंट कमी करायचा, एवढंच त्याचं काम. गुरुजींनी भंगारातून अल्टरनेटर आणला, औषध फवारणीच्या पंपाचं इंजिन पट्ट्याने त्याला जोडलं, एक बॅटरी आणली आणि हा कटआउट मध्ये बसवला. बॅटरी किती भरली हे त्याला कळावं म्हणून एक बारीक तार बॅटरीपर्यंत नेली. पहिल्या संध्याकाळी सगळी आळी अंधारात असताना त्यांच्या घरात बॅटरीवरचा पंखा फिरला. त्यांची बायको श्यामला पंख्याखाली बसून तांदूळ निवडत म्हणाली, "पौरोहित्य सोडून हेच करा."

सकाळी वीज गेली की गुरुजी गंगेवर असत, म्हणून इंजिन सुरू करायचं काम श्यामलाकडे आलं. "दोरी ओढायची आणि आपल्या कामाला लागायचं. बाकी कटआउट बघतो," त्यांनी सांगितलं होतं.

त्या दिवशी गुरुजी एका म्हातारीच्या दहाव्याला बसले होते. पिंड मांडून झाले होते. मुंडण केलेला यजमान हात जोडून समोर बसला होता. तेवढ्यात शेजारचे खंडेराव पायऱ्या उतरून आले आणि त्यांच्या कानाशी वाकले.

"गुरुजी, बॅटरी फुटली. वहिनींच्या तोंडावर ॲसिड उडालंय. आमची मंडळी रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेलीय."

गुरुजींनी ते ऐकलं. पण तोंड थांबेना. मंत्र पुढे चालूच राहिला. हातातली पळी पिंडावर पाणी सोडत राहिली. आपण काय म्हणतोय हे त्यांना ऐकू येत होतं, पण ते दुसरंच कुणीतरी म्हणत असल्यासारखं. शेवटी यजमानानेच त्यांच्या हातातली पळी काढून घेतली.

"गुरुजी, तुम्ही जा. माझी आई थांबेल."

दवाखान्यात श्यामलाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. गालापासून हनुवटीपर्यंत कातडी लालभडक झाली होती. कुसाबाई, म्हणजे खंडेरावांच्या मंडळी, ओल्या लुगड्यानिशी बाकावर बसल्या होत्या. "आवाज ऐकून धावले तर या तोंड धरून उभ्या. नळाखाली डोकं धरलं आणि सोडलंच नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, त्या पाण्याने उजवा डोळा वाचला. डाव्याचं आताच सांगता येत नाही.

गुरुजी खाटेशी उभे राहिले.

"तुम्ही आलात का?" श्यामलाने विचारलं.

"हो."

"सडक्या अंड्यासारखा वास येत होता. जाऊन बघितलं तर बॅटरी फुगलेली. मी तारेचा चिमटा बॅटरीवरून ओढून काढला. ठिणगी उडाली. पुढचं कळलं नाही."

संध्याकाळी घरी आल्यावर ते शेडमध्ये गेले. बॅटरीच्या प्लास्टिकच्या कपच्या छतापर्यंत उडाल्या होत्या. कटआउट जागच्या जागी होता, शाबूत. बारीक तार मात्र टोकातून निसटून लोंबत होती. चार दिवसांपूर्वी ती तुटली, तेव्हा वीज नव्हती म्हणून सोल्डरिंग करता आलं नव्हतं. नुसती पिळून चिकटपट्टी लावली, लाइट आल्यावर पक्कं करू असं ठरवलं आणि ते विसरले होते. इंजिनच्या हादऱ्यांनी ती सुटली होती. कटआउटला वाटत राहिलं बॅटरी रिकामीच आहे, आणि तो पूर्ण करंट देत राहिला. आतलं पाणी उकळलं, गॅस साठला आणि ठिणगीने पेटला. ते तिथेच जमिनीवर बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी श्यामलाला सगळं सांगितलं.

"इंजिन आधी बंद करायचं असतं का?"

"हो. इंजिन बंद करायचं, वारा खेळू द्यायचा, मग चिमट्याला हात लावायचा."

"ते तुम्ही मला सांगितलंच नव्हतं. सुरू कसं करायचं तेवढंच सांगितलंत."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते गुरुजींना आणखी लागलं.

डाव्या डोळ्यापुढे धुकं राहिलं ते राहिलंच. सुईत दोरा ओवायला ती आता कुसाबाईंना हाक मारते. गुरुजींनी इंजिन आणि अल्टरनेटर विकून टाकला. कटआउट भंगारात द्यायला निघाले, तेव्हा श्यामलाने विचारलं, "त्याने काय केलं? त्याला जे कळलं तेच त्याने केलं." तरी त्यांनी तो दिला.

त्यानंतरची दोन वर्षं घरात कंदील होता. शेजारी कुठे जनरेटर सुरू झाला की गुरुजी हातातलं काम सोडून आधी श्यामला कुठे आहे ते बघून येत.