घोंगडीवरचा ढोल

"जरा सांभाळून. आमच्या आजेसासऱ्यांचा ढोल आहे तो," मी म्हणाले. शंकररावांनी माप घ्यायची टेप गुंडाळून खिशात घातली. त्यांनी ढोल मोजायची ही तिसरी खेप.

शंकरराव पुण्याचे दिग्दर्शक. त्यांच्या यादवकाळावरच्या संगीतिकेत गाणारे-नाचणारे पंचवीस जण होते, पण वाद्यं त्यांना जुनीच हवी होती. म्हणून ते खुटबावला आमच्या घरी आले आणि माझ्या सासऱ्यांना, म्हाळूआबांना, ढोलासकट दौंडला तालमीला न्यायला लागले. सोनमला कडेवर घेऊन मीही रोज मागोमाग जायची. बी.ए. झालेय मी. फार गोड बोलणारी माणसं मला ओळखता येतात.

ती मंडळी ढोल कधी जमिनीला टेकवत नसत. आधी घोंगडी अंथरायची, मग ढोलाला भंडारा लावायचा. दुसऱ्याच्या वस्तूला इतकं जपणाऱ्याला ती परत द्यायची नसते, असं मी आमच्या ह्यांना म्हणाले. हे कुरकुंभच्या कारखान्यातून शिफ्ट करून आलेले.

"न्हेला तर न्हेला. खुंटी अडवून बसलाय नुसता," म्हणाले आणि कुशीवर वळले.

मी ढोलाच्या कडीला लाल दोरा बांधला. बदललाच तर कळावं.

प्रयोग रंगला. दरबाराच्या प्रवेशात आबांच्या थापेवर सगळा रंगमंच फिरला. पण सामान चढवताना पाहते तर त्यांच्या टेम्पोत, घोंगडीवर, लाल दोऱ्याचा आमचाच ढोल.

"उतरवा तो," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला फसवताना काहीच कसं वाटलं नाही?"

शंकरराव आबांकडे बघत राहिले.

"म्याच दिला," आबा म्हणाले.

"तुम्ही? का पण, आबा?"

"तिकडं वाजंल तरी. आपल्या संपतला शिफ्टीतनं कुठं येळ हाय?" मग हळूच म्हणाले, "आन् त्यांनी एकदाबी भुईवर ठिवला न्हाई, पोरी."

गेल्या पावसाळ्यात सोनमची लंगोटं वाळेनात, म्हणून मी ती खुंटीवरच्या ढोलाच्या दोऱ्यांवर पसरायची. आबा रोज ती काढून, घडी करून माझ्या हातात द्यायचे. मला वाटायचं, नातीचं कौतुक.

दुसऱ्या दिवशी धुणं पिळून घरात आले. आबा खुंटीखाली बसले होते, ते बाजूला सरकले.

"घाल की हितं," म्हणाले. "मोकळीच हाय आता."

बाहेर आभाळ भरून आलं होतं. तरी मी लंगोटं कुंपणावर टाकून आले.