नव्या पाण्याची वाटी

आमच्या तिझगी वस्तीत आठ दारं आहेत आणि एक पाट. वर बर्फाच्या कडेखालून निघालेलं पाणी अक्रोडाच्या झाडापर्यंत येतं आणि तिथून एकेका घराच्या पायऱ्यापायऱ्यांच्या जवाच्या शेतात वळवलं जातं. प्रत्येक घराला रोज सहा वाट्या पाणी. वाटी म्हणजे वेळ. ती तांब्याची आहे आणि तिच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक आहे. पाण्याची पाळी सांभाळणारे म्हातारे हम्मूबाबा ती बादलीतल्या पाण्यावर सोडतात. ती हळूहळू भरते, बुडते आणि तळाला टेकली की टण् असा आवाज येतो. बाबा दोरीला एक गाठ मारतात. सहा गाठी झाल्या की ते हाक देतात, मग आधीच्या घराकडे जाणारं पाणी बंद होतं आणि पुढच्या घराचं सुरू होतं.

पहिली पाळी इत्तोकाकूची, उजाडताच. आमची ऐन दुपारी, आणि आमच्यानंतर मोहाकाकाची. हा क्रम कोणी लावला ते कोणालाच माहीत नाही.

मी मराकेशला चार वर्षं भौतिकशास्त्र शिकले आणि परत आले. नदीच्या कचेरीसाठी मी खिंडीतल्या खांबावर बर्फाची उंची वाचून कळवते. जूनच्या सुरुवातीला, काही कारण नसताना, मी फोनवर वाटीची वेळ घेतली. दुपारी बारा मिनिटं. पहाटे तेरा मिनिटं आणि वर काही सेकंद. पाच दिवस घेतली, पाचही दिवस तेच.

शुक्रवारी चहाच्या वेळी मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. सहज बोलून गेले, असं नंतर मी स्वतःला समजावत राहिले. खरं म्हणजे काहीतरी सापडल्याचा मला आनंद झाला होता.

मोहाकाकाने पेला खाली ठेवला. "म्हणजे इत्तोवहिनी रोज सात मिनिटं जास्त पाणी पिते? आज्यापणज्यापासून?"

"मी कुठे पिते, जव पितो," इत्तोकाकू म्हणाली. "आणि तू रोज माझ्याकडे येऊन ताक पितोस, ते कोण मोजतंय?"

सगळे हसले. पण बोललेलं परत घेता येईना. दुसऱ्या दिवसापासून पाणी फोनवर चालेल असं ठरलं, सगळ्यांना सारखी बहात्तर मिनिटं. हम्मूबाबांनी वाटी राखेने घासली, फडक्यात गुंडाळली आणि ते घरी गेले.

"तुझा फोन शहरात राहून आलाय, यामना," जाताना काकू मला म्हणाली. "त्याला घाई असायचीच."

बारा दिवसांत काकूच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचा जव पिवळा पडू लागला. ओंब्या भरायचे दिवस होते. मी एक दाणा नखाने दाबला, आत दूध नव्हतं. काकूचा मुलगा खाली बेनी मलाल शहरात राहतो आणि दोन वर्षं तिला बोलावतोय. या वेळी तिने नाही म्हटलं नाही. गुरुवारी खेचर पाठवायला सांगितलं आणि कोंबड्या वाटून टाकायला सुरुवात केली. पिवळी कोंबडी तिने मोहाकाकाच्याच घरी दिली.

पाटातला गाळ दर वसंतात आठही घरं मिळून काढतात. सात घरांना ते कसंबसं जमेल. वरच्या वस्तीतली पाच दारं अशीच एकेक करून बंद झाली आणि तिथे आता मातीच्या छपरांवर गवत उगवतं.

बुधवारी पहाटे मी काकूबरोबर शेतात गेले. पाणी वरच्या पायऱ्या भिजवत सावकाश उतरलं आणि खालच्या पायरीत शिरलं. शेवटचे तीन वाफे कोरडे असताना वरून माझ्या आईने फोन वाजल्याची हाक दिली. पाणी बंद झालं.

"पूर्वी पुरायचं?" मी विचारलं.

"शेवटच्या बांधाला टेकायचं आणि म्हाताऱ्याची हाक यायची. रोज बरोबर तिथेच."

ते 'बरोबर तिथेच' मला स्वस्थ बसू देईना. मी अक्रोडापाशी आले आणि पाटाच्या धारेखाली तेलाचा रिकामा डबा धरला. भरायला बावीस सेकंद. दुपारी पुन्हा धरला तेव्हा वीस. पहाटेचं पाणी एक दशांशाने कमी होतं. कारण साधं आहे, रात्री वर बर्फ गोठतं. त्याच बर्फाची उंची मी दर आठवड्याला कळवते आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पहाटे वाटी जितकी रेंगाळत होती, जवळजवळ तितकंच पाणी कमी येत होतं. पण वाटीला ते कसं कळत होतं?

मी हम्मूबाबांच्या घरी गेले आणि त्यांना वाटी घेऊन यायला सांगितलं. ते अक्रोडापाशी आले आणि आधी तिथली बादली पालथी करू लागले.

"बाबा, भरलेलीच आहे की."

"शिळं पाणी चालत नाही. प्रत्येक घराच्या पाळीला पाटातून नवं घ्यायचं. बापाने मला आधी हे शिकवलं, वाटी हातात नंतर दिली."

"का पण?"

"का म्हणजे? पाणी ज्याचं, बादलीतही त्याचंच हवं."

मी इतकी वर्षं ती स्वच्छता समजत होते. बाबांनी बादली भरली आणि मी मनगटापर्यंत हात घातला. दुपारचं पाणी होतं, सोसण्याइतकं गार. पहाटे याच पाटात तोंड धुताना माझी बोटं बधिर झाली होती. आणि मला कळलं. गार पाणी दाट असतं, बारीक भोकातून सावकाश शिरतं. किती सावकाश, त्याचे आकडे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. जी थंडी वर बर्फाला धरून ठेवते, तीच खाली बादलीत बसून वाटीला धरून ठेवते. ज्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, त्यांनी डोंगरच बादलीत आणून बसवला होता. मी मान वर करून शिखराकडे पाहिलं. रोजचंच होतं ते. तरी मला तिथे उभं राहताना चपला काढाव्यात असं वाटलं.

संध्याकाळी मी सगळ्यांना बोलावून माझी चूक सांगितली.

"आधी वाटी खोटी होती," मोहाकाका म्हणाला, "आता फोन खोटा. उद्या काय, सूर्य खोटा?"

"फोन खरा आहे, काका. मी त्याने वेळ मोजली. वाटी पाणी मोजते. तुम्ही उद्या पहाटे या आणि बादलीत हात घाला, मग बोला."

गुरुवारी उजाडताना खेचरवाला येऊन काकूच्या दाराशी थांबला होता. काकू खाली शेतात गेली होती. शेवटचं पाणी स्वतः देणार म्हणाली. हम्मूबाबांनी पाटातून नवी बादली भरली. मोहाकाकाने बाही सरकवून हात घातला आणि एक शिवी हासडून बाहेर काढला.

"अरे, बर्फच आहे की हे!"

"आता काल दुपारचं तुमच्या पाळीचं पाणी आठवा," मी म्हटलं.

त्याने ओला हात काखेत दाबला आणि बादलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "सोडा बाबा. वाटी सोडा."

पाच गाठी झाल्या. सहावी वाटी भरू लागली. शिखरावरचं ऊन खाली उतरत होतं. वाटी झुकली, बुडाली, टण् वाजलं. बाबांनी हाकेसाठी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी खालून इत्तोकाकूचा आवाज आला.

"टेकलं!"

मोहाकाकाने डोक्यावरची टोपी काढली, का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

काकू गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून वर आली. खालच्या पायरीतला निम्मा जव गेला, बाकीचा वाचेल, म्हणाली. खेचरवाल्याने काय लादायचं ते विचारलं.

"काही नाही. लेकाला सांग, कापणीला माणूस कमी आहे, ये." मग ती मोहाकाकाकडे वळली. "आणि तू, माझी पिवळी कोंबडी आण. अंड्यांसकट."

"अंडी खाल्ली, वहिनी."

"मग ताक विसर."

हम्मूबाबांनी बादली पालथी केली आणि पुढच्या घरासाठी पाटातून नवं पाणी घेतलं.